चौदा-सीचा खोकला

ऑगस्टमधला गुरुवार, रात्रीची पुणे-दिल्ली फ्लाइट. माझी सीट १४ बी. म्हणजे मधली. (मधली सीट कुणाच्या नशिबी येते? जी मुलगी सीट सिलेक्शनचे साडेतीनशे रुपये वाचवते तिच्या!) १४ ए मध्ये कानात इअरफोन खुपसलेला एक आयटीवाला, विमान हलायच्या आधीच घोरायला लागलेला. आणि १४ सी मध्ये काका.

काका स्वभावानं एकदम गोड. फक्त खोकत होते. आता खोकला म्हणजे साधासुधा नव्हे. पहिल्या गिअरमध्ये कात्रजचा घाट चढणारी जुनी एसटी ऐकलीय कधी? अगदी तसा. आधी खालून घरघर, मग मध्येच एक दणका, मग सुस्कारा, आणि ‘चला, थांबली बाबा’ असं वाटेपर्यंत पुन्हा पहिला गिअर. दर खोकल्यानंतर काका उजव्या हातानं तोंड पुसत आणि त्याच हातानं...

...बाकरवडीचं पाकीट माझ्यापुढे धरत.

‘‘घे गं बाळ. लाजू नकोस.’’

मला सांगा, मी काय करणार होते? पुण्याची मुलगी, रात्रीचे अकरा, पोटात कावळे, विमानातलं गारढोण सँडविच परवडत नाही आणि समोर फुकट बाकरवडी! मी घेतली. एक नाही, चार घेतल्या. चौथीच्या वेळी काका माझ्याकडे तोंड करून शिंकले आणि ‘सॉरी बेटा, एसीचा त्रास होतो’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘इट्स ओके काका.’’ आपण सगळेच असं म्हणतो. समोरचा आपल्या अंगावर लाखभर व्हायरस उडवतो आणि आपण त्याला इट्स ओके म्हणतो. संस्कार!

दिल्लीत दोन दिवसांचं वर्कशॉप होतं. विषय, ‘डिजिटल मीडियात टिकून कसं राहायचं’. शनिवारी संध्याकाळी सर्टिफिकेट घ्यायला स्टेजवर गेले तेव्हा टिकून राहणं सोडा, उभं राहणं मुश्कील झालं होतं. घशात काटे, पाठीत कुणीतरी मुसळानं कांडल्यासारखं. रात्री हॉटेलवाल्याकडून थर्मामीटर मागवला. १०१.

आता इथे एक गोष्ट खरी सांगून टाकते. या कॉलमची ही चौथी वर्षगाठ, तुमच्याशी काय खोटं बोलायचं. रविवारी रात्रीची परतीची फ्लाइट मी पुढे ढकलू शकत होते. ढकलायचे चार्जेस आणि भाड्यातला फरक मिळून होत होते ४,२०० रुपये. वर हॉटेलची आणखी एक-दोन रात्रींची मुदत. फ्रीलान्सरचं बँक बॅलन्स तुम्हाला माहीत नसेल तर कल्पना करू नका, उगाच वाईट वाटेल. मी विमानतळावर जायच्या तासभर आधी पॅरासिटामॉल घेतली. ताप उतरला, गाल नॉर्मल दिसायला लागले, सिक्युरिटीवाल्या बाईंनी हसून पुढे सोडलं. बॅगेच्या तळाला २०२२ पासूनचा एक मास्क पडलेला होता. तो लावला असता तर? तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून नाही लावला.

या वेळी मला सीट आली २१ डी. शेजारी एक आई आणि तिच्या मांडीवर जेमतेम सहा महिन्यांचं बाळ. पुणं येईपर्यंत दोन तास मी खोकला गिळत होते. खोकला गिळणं हा काय प्रकार आहे, हे ज्यांनी क्लासिकल मैफिलीत पहिल्या रांगेत बसून केलंय त्यांनाच कळेल. डोळ्यांतून पाणी, मान थरथरतेय, आणि मध्येच तो बांध फुटला की एकदम दहा-बारा सलग. ती आई बिचारी काही बोलली नाही. फक्त बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तेव्हा मला कळलं. १४ सी आता मी होते.

*

रात्री अडीचला कॅबवाल्यानं ‘बुधवार पेठ’ हे लोकेशन पाहून आरशातून जो लुक द्यायचा तो दिला. (पेठेतल्या मुलींना हा लुक पाठ आहे. एका गल्लीवरून अख्ख्या पेठेला ओळखणाऱ्यांना इथे दगडूशेठ आहे, जोगेश्वरी आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं आहेत, हे सांगत बसायचं मी सोडून दिलंय. आणि त्या गल्लीतल्या बायकाही याच पेठेच्या रहिवासी आहेत, हेही.) आमचं घर तपकीर गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली वायरी, बल्ब, स्पीकर आणि चार्जरची दुकानं. गल्लीचं नावच तपकिरीचं, त्यामुळे शिंका आमच्या पत्त्यातच आहेत असं बाबा म्हणतात.

आजी जागी होती. एकोणऐंशी वर्षांची, पानशेतचा पूर पाहिलेली बाई. नात विमानातून उतरून घरी येईपर्यंत ती झोपत नाही. दम्याचा पंप उशाशी, हळदीचं दूध गॅसवर. मी दारातच तिला मिठी मारली. सवय. दर वेळी मारते.

सोमवारी सकाळपर्यंत बिल्डिंगला बातमी लागलेली. पेठेत आजारी पडण्याचा एक फायदा असतो, सेकंड ओपिनियन मागावं लागत नाही. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, दिल्लीची हवा. काकू म्हणाल्या, केस धुऊन पंख्याखाली बसली असेल. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘ताई, फ्लाइटमध्ये ऑक्सिजन कमी असतो ना, त्यानं होतं.’’ आईचं निदान वर्षानुवर्षं एकच, बाहेरचं खाणं. मी बाकरवडीचं नाव काढलं नाही.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना लक्ष्मी रोडच्या मागे आहे. केसपेपर अजून हातानं लिहितात, फी घेताना त्यांनाच लाज वाटते. त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली, ‘फ्लू दिसतोय’ म्हणाले. मी १४ सीची सगळी कथा रंगवून सांगितली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘‘विमानात खोकणारा माणूस लक्षात राहतो. एअरपोर्टच्या रांगेत तुझ्या मानेवर श्वास सोडणारा लक्षात नाही राहत. वर्कशॉपला किती जण होते?’’

‘‘चाळीस. बंद हॉल. एसी.’’

‘‘मग? आणि घरात आजी आहे, तिच्यापासून लांब राहा.’’

लांब! दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही चौघं. लांब म्हणजे गॅलरी.

*

गॅलरीत गोधडी घेऊन बसले आणि तापात सुशिक्षित माणूस जे करतो तेच केलं. नेटवर वाचत सुटले. मास कॉममध्ये शिकवलं होतं, आरोप करण्याआधी दुसरी बाजू ऐका. म्हटलं, विमानाची बाजू ऐकूया.

आणि गंमत म्हणजे विमानाची बाजू बरीच भक्कम निघाली! उडत्या विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. साधारण निम्मी ताजी बाहेरची, निम्मी आतलीच, पण हेपा फिल्टरमधून गाळलेली. ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात तसले फिल्टर. ही हवा डोक्यावरून येते आणि पायाशी खाली निघून जाते, अख्ख्या विमानात शेपटापासून नाकापर्यंत हिंडत नाही. म्हणजे सातव्या रांगेतली शिंक सत्ताविसाव्या रांगेला सहसा पोचत नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी सहा वाजता यापेक्षा वाईट हवा असते, आणि ती बदलायला पाऊस यावा लागतो.

मग घसा का धरतो? कारण ती हवा वाळवंटासारखी कोरडी. आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली. नाकातला ओलावा हा आपला वॉचमन. तो वाळला की गेट उघडं. त्यात केबिनचा दाब ठेवतात सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. आठ हजार फूट म्हणजे जवळपास २,४०० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर! म्हणजे तुम्ही सीटबेल्ट लावून, टोमॅटो ज्यूस पीत, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही बरंच वर बसलेले असता. दुकानातल्या मुलाचं अगदीच चुकत नव्हतं. फक्त त्यानं फ्लू होत नाही, डोकं जड होतं आणि दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक भन्नाट उद्योग केला. दहा फ्लाइट्समध्ये बसून, कोण कधी उठतं, कुठे जातं, कुणाला घासून जातं, याच्या नोंदी घेतल्या. (आमच्या जोशीकाकू हे काम गॅलरीतून फुकट करतात.) निष्कर्ष असा, की खिडकीवाले सगळ्यात कमी उठतात आणि त्यांचा इतरांशी संबंधही सगळ्यात कमी येतो. फ्लूसारखा आजार असलेल्या माणसाकडून धोका मुख्यत्वे कुणाला? त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन सीट्स आणि पुढची-मागची एकेक रांग. त्याच टीमनं ट्रे टेबल, सीटबेल्टचं बक्कल, टॉयलेटचं हँडल आणि हवेतूनसुद्धा २२९ नमुने घेऊन १८ श्वसनविकारांचे व्हायरस शोधले. सापडले किती? शून्य! ट्रे टेबल सॅनिटायझरनं तीनदा पुसणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे मी फॉरवर्ड केलं. तिनं अजून रिप्लाय दिलेला नाही.

पण १४ बी ही १४ सीच्या बरोब्बर शेजारी. आणि बाकरवडीसाठी हेपा फिल्टर नसतो.

विमानाची वाईट बाजूही आहेच. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास जमिनीवरच अडकलं. आत ५४ माणसं, व्हेंटिलेशन बंद, आणि त्यातल्या एकाच प्रवाशाला फ्लू. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी! हा किस्सा वाचला आणि मला रनवेवर उभी असलेली, एसी बंद, सगळे बोर्डिंग पासनं वारा घेतायत अशी आपल्याकडची एकूण एक फ्लाइट आठवली. विमान आकाशात असतं तोवर बरं असतं. वाट लागते ती जमिनीवर. मार्च २००३ मध्ये तर हाँगकाँगहून बीजिंगला निघालेल्या तीन तासांच्या फ्लाइटमध्ये सार्स झालेला एक म्हातारा माणूस होता. विमानात १२० जण, त्यातले २२ आजारी पडले, आणि त्यातले काही त्याच्यापासून बऱ्याच रांगा लांब बसलेले होते. म्हणजे दोन सीट्स आणि एका रांगेचा हिशेब दर वेळी पाळायला व्हायरसनं काही सही केलेली नाही.

*

तसं पाहिलं तर बाहेरून पाहुणा म्हणून येणारा आजार आमच्या पेठेला नवीन नाही. फक्त वाहन बदलत गेलं.

प्लेग आला तेव्हा विमान नव्हतंच. १८९६ मध्ये तो मुंबईत पोचला, हाँगकाँगकडून बोटीनं आला असं मानतात, आणि मग रेल्वेचं तिकीट काढून पुण्यात. पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे: रँड, गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून केलेली तपासणी, २२ जून १८९७ ची रात्र आणि चापेकर बंधू. दगडूशेठ हलवायांचा मुलगाही प्लेगनंच गेला, असं सांगतात. म्हणजे ज्या गणपतीसमोर आपण सेल्फी काढतो त्याच्या कथेतही साथ आहे. आजीच्या सासूबाई लहानपणी प्लेगच्या दिवसांत गावाबाहेर झोपडीत राहिलेल्या. उंदीर पडला की घर सोडायचं. वर्क फ्रॉम होमच्या बरोब्बर उलटं.

आणि भिडेवाडा. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो जुना वाडा पाडला. त्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनं गेल्या. मुलगा डॉक्टर यशवंत, त्यानं हडपसरच्या बाजूला प्लेगच्या पेशंटसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर उचलून तिथे आणलं, असं सांगतात. पोरगा वाचला, त्यांना लागण झाली. आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो त्याची कारणं काय काय असू शकतात बघा. माझ्या बाबतीत कारण होतं ४,२०० रुपये.

असो. गॅलरीत ताप चढला की माणूस जरा इमोशनल होतो.

विमानानं आलेली मला आठवणारी पहिली साथ म्हणजे २००९ चा स्वाइन फ्लू. मे महिन्यात देशातली पहिली केस हैदराबादला, अमेरिकेहून विमानानं आलेली. मग त्याच उन्हाळ्यात अमेरिकेला ‘नासा’ बघून परतलेल्या इकडच्या काही शाळकरी मुलांना निघाला. तोपर्यंत सगळ्यांना हा श्रीमंतांचा, फॉरेन रिटर्न आजार वाटत होता. ‘आपण कुठे नासाला गेलोय!’ ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक मुलगी गेली. देशातला पहिला बळी. ती कुठे परदेशात गेली नव्हती. त्या दिवसापासून पुण्यात कुणी जोक केला नाही.

मी तेव्हा सातवीत. शाळा आठवडाभर बंद. थिएटर्स बंद. नायडू हॉस्पिटलसमोर रांगा टीव्हीवर दिसायच्या. मास्क मिळेनात, मिळाले तर चौपट भावात. त्या वर्षी पुण्यातल्या स्कूटीवाल्या मुलींचा जगाला हेवा वाटला असेल, कारण डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळायची प्रॅक्टिस त्यांना आधीच होती! आणि आजीनं माझ्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधली. अख्खं पुणं तेव्हा कापराचा वास घेत फिरत होतं. त्यानं व्हायरस मरत नाही, हे मला आज माहीत आहे. पण अजूनही कापराचा वास आला की मला आरती नाही, सातवी ब आठवते.

मग २०२०. ९ मार्च, महाराष्ट्रातल्या पहिल्या दोन केसेस, परत पुणंच! दुबईची टूर करून आलेलं जोडपं. मुंबईला उतरून कॅबनं पुण्याला. पुढे त्यांची मुलगी, तो कॅबवाला. कॅबवाल्यानं दुबई पाहिली नव्हती. मे अखेर देशातली विमानं परत सुरू झाली तेव्हा मधल्या सीटवाल्याला पायघोळ गाऊन घालायला द्यायचे, आठवतंय? १४ बी ला पहिल्यांदा कुणीतरी सीरियसली घेतलं होतं.

पण एक क्रेडिट विमानाला द्यायलाच हवं. १२ जानेवारी २०२१, पहाटे पाचच्या आत सिरम इन्स्टिट्यूटमधून तीन थंडगार ट्रक पुणे एअरपोर्टकडे निघाले. नारळ फोडून, पूजा करून. ४७८ खोकी, प्रत्येकी ३२ किलोचं, आणि त्या दिवशी ती लस विमानानं देशभर गेली. आजीनं ते टीव्हीवर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आणलं कुणी आणि नेलं कुणी!’’

*

बुधवारी रात्री आजी खोकली.

मी गॅलरीत होते, मध्ये काच. तरी ऐकू आला. पहिला गिअर, घरघर, दणका. तो खोकला मी ओळखला. तीच एसटी.

२०२० मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर शोधला, आतले सेल फुटून हिरवे झालेले. खालच्या दुकानदारानं नवीन सेल दिले, शटर अर्धं वर करून, पैसे न घेता. ८९. पुन्हा लावला. ८८. आईनं बॅटरीलाच नावं ठेवली, मग स्वतःच्या बोटाला लावला, ९८ आलं, आणि ती गप्प झाली.

अँब्युलन्स तपकीर गल्लीत शिरत नाही. रात्री साडेनऊला टेम्पो माल उतरवत होते. गल्लीतल्या दुकानांतली चार पोरं वर आली, आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि तीन मजले खाली, मग टेम्पोच्या कडेकडेनं रस्त्यापर्यंत उचलून नेलं. दुरून कुठूनतरी ढोलाच्या प्रॅक्टिसचा आवाज येत होता. आजी खुर्चीतून म्हणाली, ‘‘हळू रे, माझं विसर्जन नाही करायचंय.’’ पोरं हसली. मी मास्क लावून मागे होते, दहा पावलं लांब. तो बॅगेच्या तळाचा मास्क.

हॉस्पिटलमध्ये स्वॅब घेतला. इन्फ्लुएंझा ए. पुढे न्यूमोनियाची सुरुवात. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी विचारलं, ‘‘घरात आधी कुणाला झालं?’’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘फ्लूची लस?’’

कोविडच्या तीन झाल्यात, हे आईनं अभिमानानं सांगितलं. पण दर वर्षी घ्यायची फ्लूची लस? वयस्कर माणसांनी, दमेकऱ्यांनी घ्यायची असते ती? आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. २००९ मध्ये सगळ्या पुण्याला तोंडपाठ झालेलं टॅमीफ्लूचं औषध, तेच आजीला सुरू केलं. हे जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, पहिल्या दोन दिवसांत तर उत्तमच, असं त्या म्हणाल्या. आजीला वेळेत मिळालं, कारण ती बुधवारी रात्री खोकली आणि आम्ही बुधवारी रात्रीच नेलं. गुरुवारची वाट पाहिली असती तर, हे वाक्य मी अजून पूर्ण केलेलं नाही.

पाच दिवस. त्यातले दोन ऑक्सिजनवर. मला आत सोडत नव्हते, बरोबरच होतं. मी कॉरिडॉरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून एका रेस्टॉरंटचा रिव्ह्यू लिहिला, कारण डेडलाइन होती. (तो तुम्ही याच अंकांमधून वाचलाय. ‘पास्ता थोडा कोरडा’ असं लिहिलं होतं. पास्ता कसा होता मला काही आठवत नाही.) बिल किती झालं ते सांगत नाही. त्यात दिल्लीच्या बऱ्याच फ्लाइट्स झाल्या असत्या, खिडकीच्या.

आणि ते बाळ? २१ डीच्या शेजारचं? त्याचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही. विमानातल्या आजाराची हीच गोची आहे. बिल्डिंगमध्ये लागण झाली तर कुणाकडून झाली ते जोशीकाकू दोन तासांत शोधतात. विमानातले दीडशे लोक मात्र बेल्टवरून बॅगा उचलून दीडशे दिशांना जातात आणि कुणी कुणाला परत भेटत नाही. १४ सीवाल्या काकांना तरी कुठे माहीत आहे, की त्यांच्या सीटपासून तपकीर गल्लीपर्यंत काय काय झालं? की झालंच नाही, आणि मला ते त्या बंद हॉलमध्ये मिळालं? मी त्यांच्यावर उगाच कॉलम लिहितेय? काका, वाचत असाल तर सॉरी. बाकरवडी मस्त होती.

आजी घरी आली त्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. ताप होता, माहीत होतं, गोळी घेऊन बसले, ४,२०० रुपये. आई मागे उभी होती, तिचा चेहरा पाहण्याची माझी हिंमत नव्हती. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘फोन करायचा होतास. माझ्या डब्यात होते की पैसे.’’

ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात बंगलोरला जायचंय, कामच आहे. या वेळी तारीख बदलता येईल असं तिकीट काढलंय, बाराशे रुपये जास्त गेले. खिडकी घेतली. फ्लूची लस आम्ही चौघांनी घेतली, आजीनं डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. आणि ‘एवढीशी सुई, एवढे पैसे’ असं त्यांना ऐकवूनच. बॅगेत मास्कचं नवं पाकीट टाकलंय, तळाला नाही, वरच्या खणात.

काल संध्याकाळी पाहिलं तर आजी चष्मा लावून पांढऱ्या मलमलीच्या तुकड्याला दोरा घालत होती. शेजारी कापराची डबी.

‘‘आजी, कापूर विमानात चालत नाही. पेट घेतो ना तो. सिक्युरिटीवाले काढून घेतात.’’

तिनं दोरा तोडला, डबीचं झाकण लावलं.

‘‘मग नुसता वेलदोडा ने.’’